कधी पास, कधी नापास

चौतीस वर्षं प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत काढल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. जो मुलगा भागाकार दर वेळी चुकवतो त्याची शिक्षकाला फारशी काळजी नसते. दोन गणितं समोर बसवून करून घेतली की कळतं, हा हातचा विसरतोय किंवा भागाकारातलं शून्य लिहायचं टाळतोय. दोष सापडला की तो काढता येतो. खरी डोकेदुखी म्हणजे सोमवारी जो भागाकार बरोबर केला तोच मंगळवारी चुकवणारा मुलगा. बुधवारी पुन्हा बरोबर! अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात आपण काय लिहितो? "हुशार आहे, पण लक्ष नसते." हा शेरा मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकलाय, की तो शेरा म्हणजे निदान नव्हे, निदान करायचा कंटाळा आहे असं माझं मत झालं आहे. असो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या सूनबाईचं काम. ती ठाण्याच्या एका कंपनीत आहे. कोविडपासून आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावरून. बाकीचे दोन दिवस लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास आहेच. "ऑटोमेशन टेस्टिंग" असं तिच्या कामाचं नाव. सुरुवातीची दोन वर्षं मी ते नुसतं मान डोलावून ऐकलं. नंतर वाटलं, आपण आयुष्यभर मुलांना "न कळलेलं विचारा" सांगत आलो, आता आपणच विचारावं. मराठी माध्यमातली बी.ए. म्हणून संगणकातलं काही कळू नये असा काही नियम नाही. :-)

तर तुम्हालाही सांगते, कारण मला ते फार मजेचं वाटलं.

कंपनी जे वेबपान तयार करते ते नीट चालतं की नाही हे रोज तपासावं लागतं. नाव लिहा, बटण दाबा, पुढचं पान उघडतं का पाहा. माणसानं रोज हजार वेळा हे करायचं म्हटलं तर वेड लागेल. म्हणून एक प्रोग्रॅम लिहितात आणि तोच ब्राउझर उघडतो, तोच टंकतो, तोच बटण दाबतो आणि आलेलं उत्तर बरोबर की चूक ते नोंदवतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ही भुताटकीच वाटली. सूनबाई गवार निवडत बसलेली, कळफलकाला कुणाचा हात नाही, आणि पडद्यावरच्या चौकटीत अक्षरं आपोआप उमटतायत! सगळं बरोबर आलं की हिरवं, एक जरी चुकलं की लाल.

या कामासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधन म्हणजे सेलेनियम. २००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्स नावाच्या कंपनीत जेसन हगिन्स यांनी ते कंपनीतल्याच एका कामासाठी सुरू केलं आणि पुढे सगळ्यांना फुकट वापरायला मोकळं केलं. नावाची कथा गमतीची आहे. तेव्हा या धंद्यात मर्क्युरी नावाची मोठी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषावर सेलेनियमचा उतारा चालतो, म्हणून हे सेलेनियम. २०१८ मध्ये ब्राउझरला अशा आज्ञा द्यायच्या पद्धतीला जालाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अधिकृत प्रमाण म्हणून मान्यता दिली. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं प्लेराइट नावाचं नवं साधन आणलं. आणि आपल्या लोकांनी ऐकून खूश व्हावं अशी गोष्ट म्हणजे निरनिराळ्या ब्राउझरांवर आणि मोबाइलवर या चाचण्या भाड्यानं चालवून देणारी ब्राउझरस्टॅक ही कंपनी २०११ मध्ये मुंबईत सुरू झाली. रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या आय.आय.टी. पवईच्या दोन मुलांनी ती काढली. आज जगभरचे टेस्टर ती वापरतात.

आता मुख्य अडचणीकडे येते.

पूर्वीचं वेबपान म्हणजे फळा. काही बदलायचं तर पूर्ण फळा पुसायचा आणि सगळं नव्यानं लिहायचं. तुम्हाला आठवत असेल, बटण दाबलं की पडदा पांढरा व्हायचा, आपण चहा करून यायचो, मग नवीन पान उमटायचं. तपासणाऱ्या प्रोग्रॅमला ते बरं होतं. पान पूर्ण आलं की तपासायला सुरुवात करायची. मग फळ्याचा एखादाच कोपरा पुसून तिथंच नवीन लिहायची सोय झाली. तिचं मूळ १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होतं, पण लोकांना तिचा चमत्कार दिसला तो २००४ ला जीमेल आणि २००५ ला गूगलचे नकाशे आले तेव्हा. २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स असं नाव दिलं. आता सगळीच पानं तशी. पान समोर स्थिर आहे असं आपल्याला वाटतं, पण त्याचे तुकडे सतत बदलत असतात. हा मजकूर आत्ता आला, तो दोन सेकंदांनी येईल, तिसरा आला होता तो गेला.

डोंबिवलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इंडिकेटरवर फास्ट लागलेली असते, आपण त्या हिशोबानं उभे राहतो, तेवढ्यात घोषणा होते आणि सगळा लोंढा जिना चढून दुसऱ्या फलाटाकडे पळतो. आपण माणसं आहोत, इतरांचे चेहरे बघून आपल्याला कळतं. प्रोग्रॅमला चेहरे दिसत नाहीत. त्याला सांगितलं "पाटी वाच आणि चढ", तर त्या क्षणी पाटीवर जे असेल ते वाचून तो चढतो. पाटी कोरी असेल तर "पाटीच नाही" म्हणून लाल दिवा लावून मोकळा.

शिवाय त्याची घाई भयंकर. शुद्धलेखन घालताना काही मुलं असतात ना, वाक्य पुरं व्हायच्या आत लिहायला लागणारी, तसा हा. त्याला थांबवायचे दोन मार्ग. एक म्हणजे "पाच सेकंद थांब" असं सांगून टाकायचं. हा आळशी मार्ग. पान अर्ध्या सेकंदात आलं तर साडेचार सेकंद फुकट, आणि सहा सेकंद लागले तर पुन्हा लाल. अशा हजार चाचण्या असल्या तर फुकट गेलेल्या सेकंदांचे तास होतात. दुसरा मार्ग म्हणजे "अमुक गोष्ट दिसेपर्यंत थांब, पण दहा सेकंदांच्या वर नको" असं सांगायचं. मग तो दर अर्ध्या सेकंदाला डोकावून पाहतो, आली का, आली का, आणि दिसल्याबरोबर पुढे सरकतो. हे मला फार आवडलं.

दुसरी गोष्ट, पानावरची वस्तू दाखवायची कशी? "तिसऱ्या रांगेतल्या दुसऱ्या बाकावरचा मुलगा" असं सांगितलं, तर बाई बाकांची अदलाबदल करतात त्या दिवशी भलताच मुलगा उभा राहणार. हजेरीपटातला क्रमांक सांगितला तर तो कुठंही बसला तरी सापडणार. पण पान बनवणाऱ्यांनी वस्तूंना असे क्रमांक द्यायला हवेत ना! ते देत नाहीत, आणि मग टेस्टर बिचारे बाक मोजत बसतात. सूनबाईची निम्मी भांडणं या क्रमांकांवरून असतात असं माझं निरीक्षण आहे.

आणि तिसरी गंमत. समजा मी फळ्यावर "क" लिहिला, तुम्ही त्याच्याकडे बोट केलंत. मी तो पुसून त्याच जागी तसाच "क" पुन्हा लिहिला. तुम्हाला काही फरक पडणार नाही, बोट तिथंच आहे. प्रोग्रॅम मात्र म्हणतो, मी ज्या खडूच्या रेघांकडे बोट केलं होतं त्या आता नाहीत, हा "क" वेगळा आहे. त्याला "स्टेल एलिमेंट" म्हणतात, म्हणजे शिळी झालेली वस्तू. यात प्रोग्रॅमचं काही चुकलेलं नसतं, बोट पुन्हा नव्यानं करायचं असतं, एवढंच.

या सगळ्यामुळे होतं काय, तर तीच टेस्ट, तेच पान, एक अक्षर बदललेलं नाही, आणि तरी ती आज हिरवी, उद्या लाल, परवा हिरवी. अशा टेस्टला ते लोक "फ्लेकी" म्हणतात. आमच्या भाषेत, "हुशार आहे, पण लक्ष नसते."

गेल्या वर्षी पावसाळ्यात सूनबाईच्या पदरात अशी एक टेस्ट पडली. काम होतं पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवरच्या पानाचं. काउंटरवरची मुलगी रुग्णाचं आडनाव टंकायला लागते, प्रत्येक अक्षराबरोबर खालची यादी लहान होत जाते, हवं ते नाव सगळ्यात वर आलं की एंटर दाबायचं, रिपोर्ट उघडतो. टेस्टही तेच करायची. इंग्रजीत "जोशी" टंकायची, वरच्या ओळीत जोशी दिसेपर्यंत थांबायची, एंटर दाबायची, आणि उघडलेल्या रिपोर्टवर जोशीच आहे ना ते पडताळायची. रोज रात्री ती कित्येकदा चालायची. बहुतेक वेळा हिरवी. अधूनमधून लाल. लाल होण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. कधी "वस्तू शिळी झाली", कधी "दहा सेकंद थांबलो, जोशी दिसलेच नाहीत".

शिळ्या वस्तूचा दोष टेस्टचाच होता. यादी दर अक्षराला नव्यानं लिहिली जायची आणि टेस्ट जुन्या ओळीकडे बोट धरून बसायची. तो तिनं एका दुपारी काढला. दुसरी तऱ्हा मात्र जाईना. आणि दोन महिन्यांत तीनदा तिसरीच तऱ्हा दिसली. टेस्टनं जोशी टंकले, जोशी वर दिसले, एंटर दाबला, आणि रिपोर्ट उघडला जोगळेकरांचा.

(हे जोशी आणि जोगळेकर दोघेही चाचणीसाठी बनवलेले खोटे रुग्ण. घाबरू नका.)

ऑफिसातल्या लोकांचं म्हणणं एकच, टेस्ट फ्लेकी आहे. लाल झाली की पुन्हा चालवा. तीनदा चालवून एकदा जरी हिरवी झाली तरी पास धरा. मला हे ऐकून हसू आलं, पण सूनबाईनं त्यांची बाजूही सांगितली आणि ती पटण्यासारखी आहे. अशा बेभरवशाच्या टेस्टनं सगळं जग हैराण आहे. गूगलनं २०१६ मध्ये स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्याकडे चालणाऱ्या एकूण टेस्टच्या निकालांपैकी सुमारे दीड टक्का असे असतात, आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये हा गुण थोडाफार आहे. पास असलेली टेस्ट अचानक नापास झाली तर त्यातल्या ८४ टक्के वेळा मध्ये अशी फ्लेकी टेस्टच गुंतलेली सापडली. गूगलची ही गत, तर आपण कोण! प्रत्येक लालच्या मागे लागायचं तर माल कधी बाहेर पडणार? तारीख ठरलेली असते, गिऱ्हाईक फोनवर असतं.

एका सहकाऱ्यानं आणखी एक तोडगा सुचवला. अक्षर-अक्षर कशाला टंकतेस, आख्खं नाव एकदम चिकटव चौकटीत, टेस्ट कायमची हिरवी होईल. आणि खरंच झाली! पन्नासदा चालवली, पन्नास वेळा हिरवी. त्या संध्याकाळी सगळे खूश होते. सूनबाई सोडून. ती जेवताना म्हणाली, "आई, काउंटरवरची मुलगी नाव चिकटवत नाही हो. ती एकेक अक्षरच टंकते."

तिनं तो बदल काढून टाकला. टेस्ट पुन्हा लाल-हिरवी करायला लागली आणि वरिष्ठांशी जरा वाजलं. घरी मुलाचं म्हणणं, कशाला वाईटपणा घेतेस, तुझं काम लाल झालं की कळवायचं, कळवलंस की. हे म्हणाले, नोकरी सांभाळ. मी काहीच बोलले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून नातवाला शाळेच्या बसवर सोडणं आणि संध्याकाळचा स्वयंपाक मी माझ्याकडे घेतला. मला माहीत होतं ती काय करतेय. रिपोर्टच्या कागदावर दुसऱ्याची साखर छापली गेली तर काय होईल, हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये असे दोन इंच कागद आहेत आणि डॉक्टर त्यांतला आकडा पाहून गोळी बदलतात. वर छापलेलं नाव किती वेळा वाचतो आपण?

तिनं आधी टेस्ट सावकाश चालवून पाहिली. एक अक्षर टंकायचं, थांबायचं, काय झालं ते पाहायचं, मग दुसरं. तशी चालवली की दोष गायब! दहादा केलं, दहाही वेळा सगळं व्यवस्थित. बघायला गेलं की लपतो. या जातीच्या दोषालाही नाव आहे, हायझेनबग. हायझेनबर्ग या शास्त्रज्ञावरून पडलेलं, निरीक्षण केल्यानंच गोष्ट बदलते या अर्थानं. जिम ग्रे या मोठ्या संगणकतज्ज्ञांनी १९८५ साली संगणक बंद का पडतात यावर एक निबंध लिहिला, त्यात हा शब्द आहे. (हे जिम ग्रे २००७ च्या जानेवारीत आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या होडीतून समुद्रात गेले, ते परत आलेच नाहीत. खूप शोध झाला, काही सापडलं नाही. वाचलं तेव्हा मन विषण्ण झालं.)

मग तिनं पाहण्याऐवजी नोंदी ठेवायचं ठरवलं. पानाकडून सर्व्हरला कुठला प्रश्न किती वाजून किती सेकंदांनी गेला, त्याचं उत्तर कधी आलं, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहून घ्यायला लावलं आणि टेस्ट आठवडाभर रात्री चालू ठेवली. सोबत लाल होईल त्या क्षणी पडद्याचा फोटो. लाल झालेल्या बहुतेक वेळा रात्री दोनच्या आसपासच्या निघाल्या. त्या वेळी सर्व्हरवर बॅकअपचं काम चालतं आणि तो सुस्तावलेला असतो. फोटोंमध्ये वरच्या चौकटीत "जोशी" पूर्ण टंकलेलं, आणि खाली यादी मात्र "जो"ची. जोगळेकर, जोगदंड, जोशी.

उत्तर त्या नोंदींत होतं. इंग्रजीत जोशी म्हणजे पाच अक्षरं, म्हणून पानाकडून पाच प्रश्न जातात. दुसऱ्या अक्षराचा प्रश्न आधी जातो, पण त्याच्या उत्तरात नावं जास्त, ते जड. पाचव्या अक्षराचा प्रश्न नंतर जातो, पण त्याचं उत्तर हलकं. एरवी उत्तरं क्रमानं येतात. सर्व्हर दमलेला असला की हलकं उत्तर पुढे निघून येतं आणि जड उत्तर मागून रखडत पोचतं. पान भोळं. जे उत्तर शेवटी आलं तेच ताजं असं समजून ते आधीची यादी पुसतं आणि शिळी यादी लावून टाकतं. ती शिळी यादी लवकर पोचली तर टेस्टला वर जोशी दिसतच नाहीत, ती वाट बघून दमते. आणि नेमकी जोशी दिसल्यानंतर, एंटर दाबायच्या आतल्या त्या एका निमिषात पोचली, तर उघडतात जोगळेकर. सावकाश टंकलं की प्रत्येक उत्तराला पोचायला वेळ मिळतो, म्हणून दोष दिसत नाही. नाव एकदम चिकटवलं की प्रश्नच एक जातो, मागेपुढे व्हायला दुसरा नसतोच.

म्हणजे दोष टेस्टमध्ये नव्हता. पानातच होता, पहिल्या दिवसापासून. आणि ती बेभरवशाची टेस्ट दोन महिने खरं सांगत होती.

शेवटची पायरी मला सगळ्यात हुशारीची वाटली. "कधीतरी होतं" असं सांगितलं तर मीटिंगमध्ये कोण ऐकणार? म्हणून तिनं दुसऱ्या अक्षराचं उत्तर मुद्दाम अडवून धरायची सोय टेस्टमध्ये केली. जोशी वर दिसले की ते सोडायचं, आणि मग एंटर. आता ती टेस्ट दहापैकी दहा वेळा लाल व्हायला लागली. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. कधीतरी होणाऱ्या दोषाला हमखास करून दाखवलं की मग वाद घालायला जागा उरत नाही.

त्या रात्री ती मला हे समजावून सांगत होती तेव्हा मला एकदम १९७४ साल आठवलं. मी कल्याणला शाळेत नव्यानं लागले होते, एका घरी पाहुणी म्हणून भाड्यानं राहायचे. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. सकाळी शाळेत तार आली, "बाबा आजारी, ताबडतोब ये." खोलीवर येऊन पिशवी भरत होते तोच दुपारच्या टपालानं मोठ्या भावाचं कार्ड आलं, "बाबांचा ताप उतरला, काळजी करू नये." घरमालकीणबाई म्हणाल्या, चला, सुटलात, कशाला आता रजा फुकट घालवता? मी कार्डाच्या वरची तारीख पाहिली. तारेच्या पाच दिवस आधीची होती. कार्ड रखडत आलं होतं आणि तार त्याच्या पुढे निघून आली होती. रात्रीची एस.टी. धरली. पोचले तेव्हा बाबा बोलत होते. तिसऱ्या दिवशी गेले.

तार खातं २०१३ च्या जुलैत बंद झालं तेव्हाही मला हेच आठवलं होतं. माझ्या या गोष्टीमुळे सूनबाईला उत्तर सापडलं असं बिलकुल नाही. उत्तर तिला दुपारीच सापडलं होतं आणि ते हेच होतं. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा आणि उत्तर आलं की क्रमांक पाहायचा. शेवटच्या प्रश्नाचं असेल तर घ्यायचं, जुन्या प्रश्नाचं असेल तर कितीही उशिरा येऊन कितीही दार वाजवू दे, टाकून द्यायचं. जुन्या प्रश्नाची मागणी सरळ रद्द करायचीही सोय असते म्हणे. चार-पाच ओळींचं काम. ती गोष्ट ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आई, तुम्ही तारीख पाहिलीत म्हणून. आमच्या पानाला कुणी तारीख बघायलाच शिकवलं नव्हतं."

माल बाहेर पडायला चार दिवस उशीर झाला. सूनबाईचं कौतुक वगैरे काही झालं नाही. कंपनीच्या नोंदीत हा दोष आधी "किरकोळ" म्हणून लिहिला गेला होता. ते खोडून "गंभीर" करायला तिला आणखी दोन ई-मेल लिहावे लागले, असं ती हसत हसत सांगत होती. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. नापास झालेल्याला पुन्हा पुन्हा बसवून एकदाचा पास करायचा, आणि प्रश्नपत्रिकाच चुकीची छापली आहे असं सांगणाऱ्याला "किरकोळ" म्हणायचं, हे शाळेतही चालायचं आणि तिथंही चालतं.

ती उत्तर अडवून धरणारी टेस्ट आता रोज चालते. हिरवी.

मागच्या आठवड्यात मात्र दुसरीच एक टेस्ट लाल-हिरवी करायला लागली. आजच्या तारखेची अपॉइंटमेंट घेऊन बघणारी. दिवसभर हिरवी, संध्याकाळी हिरवी, आणि मध्यरात्रीनंतर लाल. पहाटे साडेपाच वाजले की पुन्हा हिरवी. सूनबाईनं वेळा लिहून कागद टेबलावर ठेवला होता. मी चहाचा कप घेऊन तो बघत बसले. साडेपाचच का? पाच नाही, सहा नाही. आणि एकदम भूगोलाचा तास आठवला. ग्रिनिच! भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. जिच्यावर टेस्ट चालते त्या भाड्याच्या यंत्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं, त्यामुळे आपल्याकडे रात्री बारा वाजून तारीख बदलली तरी त्याच्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख. टेस्ट "आजची" म्हणून कालची अपॉइंटमेंट मागायची आणि पान बरोबरच नाही म्हणायचं. मी सूनबाईला हाक मारून सांगितलं. तिनं आंघोळीला जाता जाता दारातूनच मान डोलावली, "हो आई, कालच कळलं. या वेळी चूक टेस्टचीच आहे."